पहिल्या पावसाआधीची टेकडी: मुलांना घेऊन जाताना

मेचा तिसरा आठवडा उलटला की कोथरूडमधले ओळखीचे आई-बाबा दरवर्षी तेच तीन प्रश्न विचारतात. सुट्टी संपत आली, मुलं घरात कंटाळलीत, तर टेकडीवर न्यावं का? एवढ्या उन्हात तिथे बघायला आहे तरी काय, सगळं तर वाळून गेलंय? आणि सापबीप? या प्रश्नांना दारात उभं राहून उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात उत्तर: जरूर न्या, पण पहाटे न्या, थोडंच चाला आणि शक्य असेल तर तीन-चार वेळा एकाच वाटेने जा. बाकी सगळा तपशील आहे.

पाऊस पडल्यावरच का नको?

बहुतेक कुटुंबं जूनअखेरची वाट बघतात. टेकडी हिरवी झाली, ढग खाली उतरले की निघायचं. त्यात काही चूक नाही. पण रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर तेव्हा इतकी गर्दी असते की सहा वर्षांच्या मुलाला पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे फारसं काही दिसत नाही. वाटा निसरड्या होतात, गवत मुलाच्या कमरेपर्यंत येतं आणि पाय कुठे पडतोय ते कळत नाही.

मेअखेर ते मृग नक्षत्र, म्हणजे साधारण ७-८ जूनपर्यंतचे दोन-तीन आठवडे वेगळे असतात. झाडांवर पानं कमी, त्यामुळे घरटी दिसतात. गवत बसलेलं, त्यामुळे जमीन दिसते: मुंग्यांची वारुळं, बिळं, खडकाचे थर. शिवाय याच काळात पक्षी सर्वांत जास्त बोलतात, कारण अनेकांचा विणीचा हंगाम चालू असतो किंवा तोंडावर आलेला असतो. मुलांना दाखवायला यापेक्षा उघडी टेकडी वर्षभरात मिळत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे सकाळची घाईही अजून सुरू झालेली नसते.

कोणती वाट निवडाल?

कोथरूडकरांना फार लांब जायची गरज नाही.

- वेताळ टेकडी, पौड रस्त्याच्या बाजूने. एआरएआयकडे जाणाऱ्या चढाच्या रस्त्याने बरंच वर पोचता येतं आणि तिथून पुढे पठारावरून चाल जवळपास सपाट आहे. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी हीच वाट मी आधी सुचवते. चढात दम गेला की लहान मूल वर पोचल्यावर काहीच बघत नाही.
- म्हातोबा टेकडी. कोथरूडच्या ग्रामदैवताच्या नावाची ही टेकडी. सुतारदरा, किष्किंधानगर या वस्त्यांच्या बाजूने चढता येते. चढ खरा आहे. आठ वर्षांपुढच्या मुलांना झेपतो आणि आवडतोही. वाटेत भेटणाऱ्या तिथल्या जुन्या रहिवाशांना झाडांची नावं विचारा. पुस्तकात नसलेली नावं ऐकायला मिळतात.
- महात्मा सोसायटीच्या मागची टेकडी. गांधी भवन परिसरात राहणाऱ्यांसाठी सर्वांत जवळची. तासाभरात जाऊन येता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने इथून सुरुवात केली तरी चालेल.
- वारज्याचं वन उद्यान. आजी-आजोबा बरोबर असतील किंवा मूल तीन-चार वर्षांचं असेल तर आखलेल्या वाटा सोयीच्या पडतात.

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर आणि पुणे शहर साधारण ५६० मीटर उंचीवर. म्हणजे पायथ्यापासून माथा गाठायचा तर दोनशे मीटरच्या वर चढ. हे मुलांना आधी सांगू नका. वर गेल्यावर खाली पौड रस्ता किती लहान दिसतो ते मात्र नक्की दाखवा.

माझं मत स्पष्ट आहे: चार टेकड्या एकेकदा करण्यापेक्षा एक वाट चारदा करा. पहिल्या वेळी मूल फक्त चालतं. दुसऱ्या वेळी त्याला वळण आठवतं. तिसऱ्या वेळी ते तुमच्या पुढे पळत जाऊन "ते झाड इथेच होतं ना?" असं विचारतं. तिथून खरं बघणं सुरू होतं. आणि पाऊस पडल्यावर तीच वाट पुन्हा केलीत, तर बदललेलं सगळं त्याचं त्यालाच दिसतं, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

निघायची वेळ आणि चालायचं अंतर

सकाळी सहाला वाट धरा, आठ-सव्वाआठला खाली या. संध्याकाळी जायचं असेल तर साडेपाचनंतर, पण मेअखेरीस दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, म्हणून मुलांसोबत मी सकाळच पसंत करते. वन विभागाच्या प्रवेशद्वारावर वेळा लिहिलेल्या असतील तर त्या पाळा. अंधारात मुलांना घेऊन टेकडीवर थांबू नका.

अंतराचा साधा हिशेब असा: पाच वर्षांच्या मुलासाठी एकूण दीड-दोन किलोमीटर पुरे, आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी तीन-चार. यात निम्मा वेळ थांबण्यात जायला हवा. माझ्या भाचीला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी माथ्याचाच ध्यास घेतला होता. ती वर पोचली, रडली आणि पुढचे दोन महिने टेकडीचं नाव काढू देईना. पुन्हा नेलं तेव्हा आम्ही पहिल्या वळणावरच्या मुंग्यांच्या रांगेपाशी पंचवीस मिनिटं बसलो आणि तिथूनच परतलो. त्या दिवशी दुपारी तिने आपणहून विचारलं, उद्या जायचं का.

पिशवीत काय हवं

- पाणी: मोठ्यांना एक लिटर, मुलांना किमान अर्धा. बाटली मुलाने स्वतःच्या पाठीवर घेतली तर उत्तम.
- गूळ-दाणे, चिक्की, काकडी, गूळ-तुपाची पोळी. वेफर्सची पाकिटं नकोत. मिठाने तहान वाढते आणि पाकिटं उडतात.
- मळखाऊ रंगाचे सुती कपडे, पूर्ण बाह्या, लांब पँट, टोपी.
- मागून बंद बूट. सँडल किंवा चप्पल नको. उन्हाळ्यात वाटेवरचा मुरूम सुटा होतो आणि उतरताना गोट्यांसारखा पायाखालून सरकतो.
- छोटी वही, पेन्सिल, जमल्यास भिंग.
- ओआरएसचं पाकीट, पट्टी, एक स्वच्छ रुमाल, शिट्टी.

दुर्बीण असेल तर घ्या, पण सात वर्षांखालच्या मुलाला ती आवरत नाही. मोबाइल एकाच मोठ्या माणसाच्या खिशात असावा. पक्ष्यांचा आवाज ओळखणारं 'मर्लिन' किंवा झाडं-किडे ओळखायला मदत करणारं 'आयनॅचरलिस्ट' ही ॲप चांगली आहेत. ती घरी आल्यावर वापरा. वाटेवर पडदा उघडला की मुलाची नजर झाडावरून उतरते ती परत चढत नाही. शिवाय ॲपमधून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवू नका. विणीच्या दिवसांत तो स्वतःचं घरटं सोडून भांडायला येतो.

काय दाखवाल?

नावं पाठ करून घेऊ नका. एका फेरीत तीन गोष्टी पुरेत. या दिवसांत हमखास सापडतील अशा काही:

आवाज. "पेरते व्हा, पेरते व्हा" असं चढत्या पट्टीत ओरडणारा पावशा मे-जूनमध्ये टेकडीवर ऐकू येतोच. पक्षी दिसणार नाही, आवाज मात्र सोडणार नाही. शेतकऱ्याने या आवाजाला हे शब्द का दिले असतील, एवढा एकच प्रश्न मुलाला विचारा. पहाटे मोराची केका दरीतून येते. पाऊस जवळ आला की मोर पिसारा फुलवतात. दिसला तर जिथे आहात तिथेच थांबा.

चातक आणि सातभाई. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे आपल्याकडे येतो. तो स्वतः घरटं बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि सातभाईच त्याचं पिल्लू वाढवतात. पावशाही तेच करतो, कोकीळ कावळ्याच्या घरट्यात करते. जमिनीवर कलकल करत, पाचोळा उलटवत फिरणारी सातभाईंची टोळी मुलांना लगेच ओळखता येते. ही टोळी दिसली की चातकाची गोष्ट सांगा. मुलं पुढचा अर्धा तास वर बघत चालतात.

नवरंग. मेअखेरीस किंवा जूनमध्ये दाट झुडपांच्या सावलीत दोन सुरांची शीळ ऐकू आली तर पाऊल थांबवा. शेपूट नसल्यासारखा दिसणारा, पोटाशी लालसर असा हा पक्षी पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी वर्षानुवर्षं ही टेकडी पायाखाली घातली आहे, त्यांनाही तो दर वेळी दिसत नाही.

झाडांची अंगं. पानं नसताना खोडं वाचता येतात. सालईची साल कागदासारखे पापुद्रे सोडते आणि तिच्या डिंकाला धुपासारखा वास असतो. खाली पडलेला सालीचा तुकडा चोळून हुंगू द्या, झाडाची साल सोलू नका. काटेसावरीच्या खोडावरचे काटे बोटाने हळूच चाचपून बघता येतात. काळ्या, हातभर शेंगा आणि पिवळे घोस असलेल्या बहाव्याची काही झाडं कोथरूडच्या रस्त्यांवरही आहेत, त्यामुळे टेकडीवर पाहिलेलं घरी येताना पुन्हा ओळखता येतं. आपटा दाखवा. दसऱ्याला हातात येणारं पान कुठल्या झाडाचं, हे पुण्यातल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं. आणि टेकडीवर सगळीकडे दिसणारा गिरिपुष्प हा इथला नव्हे, तो मध्य अमेरिकेतून आणून लावलेला आहे, हेही सांगा. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. का, ते मुलांना ओळखू द्या.

जमीन. कोरड्या, मऊ मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले तर बसा. तळाशी मुंगीसिंहाची अळी लपलेली असते. मुंगी घसरून खाली आली की ती धरते. गवताच्या काडीने काठावरची माती हळूच सरकवली की तळातून मातीचे कण वर फेकले जातात. मला आतापर्यंत भेटलेल्या एकाही मुलाला याचा कंटाळा आलेला नाही.

खडक. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीची भिंत दुरूनच दाखवा. काळा कातळ, त्यात थर, थरांत बारीक पोकळ्या. हा सगळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. पोकळ्या म्हणजे त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा, काहींत पांढरे स्फटिक तयार झालेले असतात. खाणीच्या काठावर किंवा पाण्यात मुलांना सोडू नका. काठ तुटका असतो आणि पाण्याची खोली वरून कळत नाही.

झाडांसाठी एकच मराठी पुस्तक घ्यायचं तर श्री. द. महाजन यांचं 'देशी वृक्ष' बघा. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आहे. दोन्ही घरी ठेवण्याची पुस्तकं आहेत, पिशवीत घालायची नव्हेत.

मूल कंटाळलं तर

"चल, अजून थोडंच" असं म्हणू नका. त्याऐवजी:

- दहा मिनिटं बसा. प्रत्येकाने डोळे मिटून ऐकू आलेले आवाज बोटांवर मोजायचे. पुण्याच्या रहदारीचाही आवाज मोजायचा.
- मुलाला एक झाड निवडू द्या. त्याचं नाव त्यानेच ठेवायचं. पुढच्या फेरीत त्याच झाडापाशी थांबायचं आणि वहीत एक ओळ किंवा एक चित्र.
- पाण्याची एक जादा बाटली न्या. टेकडीवर स्वयंसेवकांनी लावलेली रोपं उन्हाळ्याच्या या शेवटच्या आठवड्यांत सर्वांत जास्त मरतात. रोज फिरायला येणारे कितीतरी पुणेकर खांद्यावरून पाणी आणून त्यांना घालतात. त्यांपैकी कोणाला तरी विचारा, कुठल्या रोपाला घालू. चार वर्षांचं मूलसुद्धा हे काम फार गंभीरपणे करतं.
- तरीही नको म्हणालं, तर परत फिरा. उद्या वाट तिथेच आहे.

चुका कुठे होतात

सर्वांत मोठी चूक चांगल्या हेतूने होते: बीजगोळे फेकणं. जून आला की सोसायट्यांतून, शाळांतून मुलांच्या हातात मातीचे गोळे येतात आणि ते टेकडीवर उधळले जातात. आत कुठलं बी आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. गुलमोहर, सुबाभूळ असं बाहेरचं काही तिथे रुजलं तर पुढे त्रासच आहे. शिवाय उघडं गवताळ पठार म्हणजे रिकामी जागा नव्हे. चंडोल, टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच, अशाच उघड्यावर घरटी करतात. तिथे झाडं भरली की त्यांची जागा जाते. काही लावायचंच असेल तर वन विभागाला किंवा टेकडीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या गटांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या जागी लावा.

टिटवीचंच आणखी एक. ती ओरडत तुमच्या डोक्यावरून झेपा घेत असेल तर घरटं जवळ आहे. तिची अंडी खड्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. मुलांना आहेत तिथे थांबवा आणि आल्या पावलांनी मागे फिरा. शोधायला जाऊ नका.

मोरांना दाणे घालणंही टाळा. हे बरेच जण श्रद्धेने करतात आणि मुलांना ते करायला आवडतं. पण माणसाच्या हाताची सवय लागलेला मोर कुत्र्यांच्या तोंडी लवकर सापडतो, आणि उरलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात.

हात लावू नये अशा काही वनस्पती मुलांना आधीच दाखवून ठेवा. खाजकुयलीच्या लवदार, तपकिरी शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात. लव लागली तर चोळू नका, कोरड्या कपड्याने टिपून मग पाण्याने धुवा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्या. घाणेरीची कच्ची फळं तोंडात घालू देऊ नका. ओळखत नसलेलं कुठलंही फळ खायचं नाही, हा एक नियम सगळ्यांना लागू.

साप, ऊन, वीज, मधमाश्या

भीती दाखवण्यासाठी नव्हे, पण हे चार मुद्दे घरातल्या मोठ्यांनी एकदा नीट वाचावेत.

साप. टेकडीवर साप आहेत, घोणस आणि नाग धरून. माणसाची चाहूल लागली की बहुतेक साप आपण होऊन बाजूला होतात. वाटेवरून चाला, दगड उलटू नका, कपारीत हात घालू नका. मोठा माणूस पुढे आणि एक शेवटी. चावलाच तर:

1. मुलाला बसवा, धीर द्या, धावू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय काठी-रुमालाच्या आधाराने स्थिर करा. कडं, पैंजण, बूट काढा, सूज येते.
2. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, औषधी पाला लावू नका.
3. सापाला पकडायला किंवा मारायला थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा स्वतःच्या वाहनाने सर्पदंशविरोधी लस उपलब्ध असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. निघतानाच फोन करून लस आहे ना ते विचारा.

ऊन. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं तर तिथेच सावलीत बसवून पाणी आणि ओआरएस घोट-घोट द्या. अंग तापलं आहे, मूल गोंधळल्यासारखं बोलतं किंवा गुंगीत आहे, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत रुग्णालय गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वीज. वळवाचा पाऊस मुलांना भिजवायला छान आहे, टेकडीच्या माथ्यावर मात्र नाही. गडगडाट ऐकू आला की लगेच उतरायला लागा. एकट्या झाडाखाली, मनोऱ्याजवळ, उघड्या पठारावर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका. आपल्याच पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. निघण्याआधी बघा.

मधमाश्या. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर गप्प, दुरून वळसा घ्या. अत्तर, दगड, धूर तिन्ही वर्ज्य. माश्या उठल्या तर मुलाचं तोंड कपड्याने झाकून तिथून लांब पळा. काटा रुतला तर तो लवकर काढा. ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं दिसलं तर वेळ न घालवता रुग्णालय.

कुत्र्यांच्या टोळ्यांसमोर मुलांना पळू देऊ नका, उभं राहायला शिकवा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

पैसे भरून निसर्गफेरीला पाठवताना

सगळ्यांना स्वतः जायला जमत नाही, आणि जाणकार माणूस बरोबर असला की फरक पडतो हेही खरं. पण नाव नोंदवण्याआधी विचारा:

- एका गटात किती मुलं, किती मोठी माणसं? सात-आठ मुलांमागे एक जाणता मोठा असायला हवा. एकदा मी साठ मुलांच्या रांगेमागे चालले आहे. शेवटच्या चाळिसांना झाड दिसलं नाही आणि वाट दाखवणाऱ्याचा आवाजही पोचला नाही.
- प्रथमोपचार येणारी व्यक्ती सोबत आहे का? जवळचं रुग्णालय ठरवलेलं आहे का?
- हवामान बिघडलं तर फेरी रद्द होईल का, आणि पैसे कसे परत मिळतील? हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.
- मुलांचे फोटो कुठे वापरणार?
- फेरीत ट्रेकिंग, दोरखंड, कडे उतरणं असं काही असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही ग्राहक आहात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

तुमचा हक्क, आणि टेकडीचा

वेताळ टेकडीचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. तिथे पायी फिरताना तुम्ही कोणाचे उपकार घेत नाही, मात्र काही गोष्टी कायद्यानेच बंद आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या अर्थात पक्षी-सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासवणं आणि घरटी विस्कटणंही येतं. म्हणजे मुलाने हौसेने उचललेलं घरटं ही साधी गोष्ट नाही. रिकामं वाटलं तरी हात लावू देऊ नका. वनक्षेत्रात आग लावणं गुन्हा आहे, आणि मेअखेरीस गवत इतकं वाळलेलं असतं की एका विडीच्या थोटकाने उतार जळतो. धूर दिसला तर १०१ ला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखमी पक्षी-प्राणी, शिकार, झाडतोड यांसाठीही १९२६ च. धाकदपटशा, चोरी असं काही झालं तर ११२.

टेकडीवरून रस्ता नेण्याचे प्रस्ताव कोथरूडकरांना नवे नाहीत. बालभारती ते पौड फाटा रस्त्याची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार विकास आराखड्यात बदल करताना नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तशी सूचना निघाली तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तुमच्या मुलाच्या वहीतली पानं, कुठल्या तारखेला कुठे काय दिसलं, ती तुमच्या पत्राला जोडता येतात. तारीख आणि जागा लिहिण्याची सवय म्हणून पहिल्या दिवसापासूनच लावा.

पहिला पाऊस पडला की

पहिल्या सरीनंतर दोन दिवस माथ्याची वाट टाळा, मुरूम आणि माती दोन्ही सुटतात. मग तिसऱ्या-चौथ्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तुमच्या नेहमीच्या वाटेवर जा आणि मुलाला खाली बघायला सांगा. मऊ झालेल्या मातीवर लाल मखमलीच्या मण्यासारखे मृगाचे किडे फिरताना दिसतील. ते थोडेच दिवस वर दिसतात आणि मग पुन्हा जमिनीत जातात. तळहातावर घेतला तर पाय आखडून गोल होतो. क्षणभर बघून तिथेच सोडायला सांगा, डबीत नको. जवळच गवतातून काळ्या मुसळीची जमिनीलगतची पिवळी, सहा पाकळ्यांची फुलं वर आली असतील. गेल्या खेपेला तिथे नुसती कोरडी माती होती, हे तुमच्या मुलालाच आठवतंय का, बघा.